गळाला खरं आमिष लावायचं की लूर? खान्देशच्या पाण्यात या चुका टाळा

रंगीत लुरांची, म्हणजे नकली आमिषांची, डबी घेऊन गिरणा धरणावर जायचं, रोहूसाठी दिवसभर स्पिनर (फिरत्या पात्याचं लूर) फिरवायचा आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत यायचं, हे सर्रास होतं. उलटही होतं. मरळ नजरेसमोर पाण्याबाहेर तोंड काढून श्वास घेत असते आणि शेजारीच कणकेची गोळी तासन्‌तास तळाला पडून असते. दोन्हीकडे चूक एकच आहे. आधी आमिष ठरलं आणि मासा नंतर आठवला.

खरं आमिष चांगलं की लूर, हा प्रश्न असा मोघम विचारला तर त्याला उत्तर नाही. तुम्हाला हवा असलेला मासा अन्न कशाने शोधतो, हे विचारा. काही मासे वासाने शोधतात, काही नजरेने, तर काही पाण्यातल्या थरथरीने. ते कळलं की अर्धी निवड झाली. उरलेली अर्धी त्या दिवशीचं पाणी ठरवतं.

माशाची जात न ठरवता आमिष लावणं

आपल्या धरणांत सोडलेले कटला, रोहू आणि मृगळ हे शिकारी मासे नाहीत. कटला वरच्या थरात पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात शेवाळ आणि वनस्पतींचे तुकडे टिपतो, तर मृगळ तळाचा कुजका गाळा चाळतो. पळणाऱ्या चकचकीत पत्र्यामागे धावण्याचं यांना काहीच कारण नाही. एखादा रोहू लुराला लागतो, पण बहुतेक वेळा तो पाठीला किंवा परात अडकलेला असतो. त्याने लूर खाल्लेलं नसतं. या तिघांसाठी पीठ, ढेप (पेंड), केळं हीच आमिषं. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, हाही याच गटातला. तो तळ उकरतो आणि पिठाइतकंच गांडूळही आवडीने घेतो.

इथे आणखी एक चूक होते. तिन्ही माशांसाठी एकाच खोलीवर गोळी सोडली जाते. आठ फूट पाण्यात मृगळासाठी गोळी तळाला टेकलेली हवी. रोहूसाठी ती तळापासून एक-दोन फूट वर तरंड्याखाली, म्हणजे दोरावरच्या तरंगत्या खुणेखाली, लटकवा. कटल्यासाठी मात्र पृष्ठभागापासून तीन-चार फुटांवर ठेवा आणि तीही मऊ, पाण्यात धुरासारखी विरघळत जाणारी हवी. तळाला पडलेली घट्ट गोळी कटल्याच्या वाटेतच येत नाही.

शिंगाडा आणि वाम हे मासे वासावर चालतात आणि अंधार पडला की हलतात. त्यांना गांडूळ, झिंगा, माशाचा तुकडा किंवा कोंबडीची कलेजी लावा. कलेजी गळावर टिकत नाही, फेकताना उडून जाते. ती शिवणाच्या दोऱ्याने पाच-सहा वेढे देऊन बांधा. गाठ मारायची गरज नाही, दोरा ओल्या कलेजीत रुततो.

मरळ आणि शिवडा हे खरे शिकारी. लुराचा पैसा वसूल होतो तो इथेच. तिलापिया, म्हणजे आपली चिलापी, दोन्हीकडची आहे. तिला गांडुळाचा तुकडा चालतो, कणीक चालते आणि दोन-तीन ग्रॅमचा छोटा स्पिनरही चालतो.

गढूळ पाण्यात चकाकीवर भरवसा ठेवणं

खान्देशची काळी माती पावसाळ्यात नदीत उतरते तेव्हा तापीचं पाणी चहासारखं होतं. चांगदेवला पूर्णा तापीला मिळते, ती भरपूर गाळ घेऊन येते आणि हतनूरच्या जलाशयात पाणी निवळायला बरेच दिवस लागतात. अशा पाण्यात चंदेरी स्पून, म्हणजे चमच्यासारखं धातूचं लूर, माशाला दिसतच नाही.

काठावर करायची एक सोपी परीक्षा आहे. लूर हातात धरून पाण्यात बुडवा. वीतभर खोलीवरही दिसेनासं झालं तर लूर डबीत ठेवा आणि वासाचं आमिष काढा. हातभर खोलीपर्यंत दिसत असेल तर गोल पात्याचा स्पिनर लावा. गोल पातं रुंद फिरतं आणि जास्त थरथर करतं. लांबट पानासारखं पातं स्वच्छ आणि वाहत्या पाण्यासाठी आहे. रंगाचं म्हणाल तर गढूळ पाण्यात काळा किंवा पोपटी आणि निवळ पाण्यात चंदेरी किंवा तपकिरी.

सातपुड्यातून उतरणारे खडकाळ नाले पूर ओसरला की लवकर निवळतात. तापीचं मोठं पात्र आणि काळ्या जमिनीतून येणारं पाणी मागे राहतं. म्हणून एकाच आठवड्यात एका ठिकाणी लूर चालतं आणि वीस किलोमीटरवर अजिबात चालत नाही. दोष लुराचा नसतो.

हिवाळ्यात पाणी काचेसारखं होतं, पण मासा मंदावतो. तेव्हा लूर ओढण्याचा वेग निम्मा करा आणि आमिष लहान ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मासा दुपारी उथळ काठ सोडून जुन्या नदीपात्राच्या खोलीत उतरतो. पहाटे साडेपाच ते साडेआठ हीच कामाची वेळ. वारा असेल तर लाटा ज्या काठावर आदळतात तो काठ निवडा. बारीक जीव त्या बाजूला ढकलले जातात आणि मागोमाग कटला येतो. वाऱ्याच्या तोंडावर फेकणं अवघड जातं म्हणून लोक उलट्या काठावर बसतात आणि तिथेच चुकतात.

ज्वारीच्या पिठाची गोळी: पाण्यात पडली की संपली

या चुकीवर जरा थांबू या, कारण खान्देशात ती सगळ्यात जास्त होते. घरात दादर ज्वारीचं पीठ असतं, तेच मळून नेलं जातं. ज्वारीत गव्हासारखा चिकट ताणच नाही. भाकरी थापताना कडा फाटतात त्याच कारणाने गोळी पाण्यात दोन-तीन मिनिटांत सुटते. वर बसलेला माणूस तरंड्याकडे पाहत राहतो आणि खाली नुसता गळ लटकलेला असतो.

उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा उंडा नुसत्या ज्वारीच्या उंड्यापेक्षा चिवट असतो, तो उडदामुळे. तेच तत्त्व इथे वापरा. २०० ग्रॅम शेंगदाण्याची ढेप खलबत्त्यात बारीक कुटून चाळून घ्या आणि मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंतच परता. करपली तर कडू होते. त्यात १०० ग्रॅम गव्हाचं पीठ आणि ५० ग्रॅम उडदाचं पीठ मिसळा. पाणी एकदम ओतू नका. साधारण १२० मिलीपासून सुरू करा आणि चमचा-चमचा वाढवा. दहा मिनिटं मळा, मग ओल्या फडक्यात अर्धा तास मुरू द्या. मुरल्यावर उंडा सैल होतो, म्हणून मळताना तो हवा त्याहून किंचित घट्ट ठेवा.

निघण्यापूर्वी बोराएवढी गोळी पेल्याभर पाण्यात टाका. पंधरा मिनिटांनी ती आकार धरून असावी, पण बोटाने दाबल्यावर सहज दबावी. पाच मिनिटांत कडा झडायला लागल्या तर चमचाभर गव्हाचं पीठ वाढवा आणि पुन्हा मळा. अर्ध्या तासानेही दगडासारखी राहिली तर तीही चूकच आहे. मासा गोळी तोंडात घेतो, तुम्ही झटका देता, पण गळाचं टोक त्या घट्ट पिठातून बाहेरच येत नाही. ‘चावा येतो, पण मासा लागत नाही’ ही तक्रार आली की आधी गोळी दाबून पाहा. गळ बदलण्याचं नंतर बघू.

कटल्यासाठी याच मिश्रणात पिकून काळं पडलेलं अर्धं केळं कुस्करा आणि पाणी त्या मानाने कमी करा. गोळी मऊ राहते आणि पाण्यात हळूहळू पसरते. हिंग किंवा बडीशेपेची पूड चिमूटभर पुरे. दुकानातल्या इसेन्सचं अर्धं बुधलं ओतणारे पुष्कळ आहेत, पण उग्र वासाने मासा जवळ येण्याऐवजी लांब राहतो. सरकी ढेप गळावर लावू नका. तिच्यात टरफलं आणि तंतू असतात, गोळी धरत नाही. ती रात्रभर भिजवून चाऱ्यासारखी टाकायला उत्तम. मात्र मूठ-मूठ टाका. अर्धी बादली एकदम ओतली तर मासा त्यावरच पोट भरतो आणि तुमच्या गोळीकडे फिरकत नाही.

उन्हाळ्यात मळलेलं पीठ तीन-चार तासांत आंबतं. थोडा आंबूस वास रोहू आणि सायप्रिनसला चालतो. बुरशी मात्र चालत नाही. फडकं ओलं ठेवा, डबा सावलीत ठेवा आणि मोटारसायकलच्या डिकीत तर मुळीच ठेवू नका.

गांडूळ चुकीचं, किंवा चुकीच्या पद्धतीने लावलेलं

उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते आणि गांडुळं खोल जातात. कुदळीने फूटभर खणूनही काही मिळत नाही. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांत ठिबकच्या नळीखालची माती बाराही महिने ओली असते, तिथे वरच्या थरातच गांडुळं मिळतात. मालकाला विचारून घ्या आणि केळीची मुळं न तोडता हाताने माती बाजूला करा. गोठ्याजवळची ओली, सावलीतली जागाही चांगली.

गांडूळखताच्या वाफ्यातली तांबडी गांडुळं सहज मिळतात, पण ती बारीक असतात आणि गळावर तुटतात. दाबली की उग्र वासाचा पिवळसर द्रव सोडतात. चिलापीला ती चालतील, पण शिंगाड्यासाठी जाड देशी गांडूळच बघा.

वाहून नेण्यासाठी झाकण बंद प्लास्टिकची डबी ही सगळ्यात वाईट वस्तू. तासाभरात ती आत तापते आणि गांडुळांचा चिखल होतो. छोटं मडकं घ्या, त्यात त्याच जागेची ओलसर माती भरा आणि वर ओलं गोणपाट बांधा. माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावी, पण पाणी गळू नये.

गळावर गांडूळ गुंडाळून त्याचा गोळा करू नका. डोक्याकडून टोचून गळाच्या दांड्यावर सरकवा आणि शेपटीचा बोटभर भाग मोकळा वळवळू द्या. त्याहून लांब शेपटी सोडली तर लहान मासे तेवढीच तोडून नेतात.

गळाचा नंबर उलटा समजणं

८ नंबरचा गळ ४ नंबरपेक्षा लहान असतो. आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. १ नंबरच्या पुढे मात्र १/०, २/०, ३/० अशी उलटी मोजणी सुरू होते आणि तिथे आकड्यासोबत गळ मोठा होतो. चिलापीला ८ ते १०, पिठावरच्या रोहूला ४ ते ६, शिंगाड्याला १/० ते ३/०. मोठ्या माशाला मोठाच गळ हवा असं नाही. पिठाच्या गोळीत गळ जवळजवळ लपला पाहिजे आणि टोक कातडीएवढ्या थराखाली असलं पाहिजे.

लूर बरोबर, पण दोर आणि हात चुकीचे

जाड तंगूसला (नायलॉनच्या दोराला) पाच ग्रॅमचा स्पिनर बांधला तर तो दहा पावलांपलीकडे जात नाही आणि पाण्यात फिरतही नाही. मग लांब जावा म्हणून पुढे शिशाचा गोळा बांधतात आणि पातं पुरतं बंद पडतं. पाच ते दहा ग्रॅमच्या लुराला ०.२५ ते ०.३० मिलिमीटरचा दोर पुरतो. स्पिनरच्या आधी हातभर अंतरावर भिंगरी, म्हणजे स्विव्हल, लावा. ती नसेल तर वीस-पंचवीस फेकींतच तंगूसला पीळ बसतो आणि रीलवर गुंता होतो. क्रँकबेट किंवा मिनो या माशाच्या आकाराच्या लुरांना जड स्विव्हल नको, छोटा स्नॅप (अडकवायची कडी) पुरे, नाहीतर लुराचं नाक खाली झुकतं आणि चाल बिघडते.

स्पिनर पाण्यात पडला की पातं आपोआप सुटत नाही. सुरुवातीला रॉडला छोटा झटका द्या. पातं फिरायला लागलं की रॉडच्या टोकाला बारीक थरथर जाणवते. ती थांबली म्हणजे पात्यात शेवाळ अडकलंय, तेव्हा लूर काढून साफ करा. ते तसंच ओढत राहण्यात सकाळ वाया जाते.

मरळीसाठी रबरी पोकळ बेडूक सर्वांत उपयोगी, कारण तो जलपर्णीवरून आणि कमळाच्या पानांवरून न अडकता येतो. इथे बारीक तंगूस नको. मरळ लागली की थेट मुळांत घुसते, म्हणून ३० ते ५० पाउंडांचा विणलेला दोर हवा. बेडूक पानावर टाका, दोन क्षण थांबा आणि पानाच्या कडेवरून मोकळ्या पाण्यात अलगद पाडा. बहुतेक हल्ले तिथेच होतात.

आणि इथेच सगळ्यात महागडी चूक होते. पाणी फुटल्याचा आवाज येतो आणि माणूस त्याच क्षणी रॉड ओढतो. मरळ खालून येऊन बेडकाला जबड्यात पकडते, पण तोंड मिटून खाली वळायला तिला वेळ लागतो. लगेच ओढलं तर बेडूक रिकामा हवेत उडून येतो. दोर ताणला जाईपर्यंत मनात ‘एक, दोन’ मोजा आणि मग जोरात ओढा. तरीही मासे सुटत असतील तर बेडूक हातात दाबून पाहा. आत पाणी भरलं असेल तर तो दबत नाही आणि गळाची टोकं रबराआडच राहतात. पाणी पिळून काढा आणि दोन्ही टोकं किंचित, जेमतेम दिसेल इतकी, वर वाकवा.

पावसाळ्यात लालसर पिलांचा घोळका पाण्यावर उकळल्यासारखा हलताना दिसतो. त्याखाली मरळीचं जोडपं राखण करत असतं. तिथे बेडूक टाकला तर मरळ हमखास झडप घालते. ती भुकेपोटी येत नाही, पिलांना वाचवायला येते. ती जोडी काढली की दुसरे मासे तो घोळका फस्त करतात. अशा जागी फेकू नका, सरळ पुढे जा.

काय बिघडलं ते आमिषच सांगतं

गळ वर काढल्यावर लगेच नवं आमिष लावायची घाई नको, आधी नीट बघा. गोळी गायब आणि तरंडा फक्त कुरतडल्यासारखा हलला असेल तर चिलापी किंवा इतर लहान मासे आहेत. गोळी घट्ट आणि मोठी करा किंवा जागा बदला. गांडूळ कात्रीने कापल्यासारखं तुटलं असेल तर खेकडा आहे, तेव्हा आमिष तळापासून फूटभर वर घ्या. दोर सावकाश, जड, एका दिशेने सरकतोय आणि ओढल्यावर धडपड नाही, तर कासव असू शकतं. शिसं तळाला टेकलेलं असताना उभा तरंडा अचानक वर उचलला जाऊन आडवा पडला तर तोही चावाच आहे. माशाने गोळी घेऊन शिसं उचललेलं असतं. बुडण्याची वाट पाहू नका.

मासा लुराच्या मागे काठापर्यंत येतो आणि वळतो, तेव्हा रंग बदलण्याआधी वेग बदला. मधेच क्षणभर थांबवा. मऊ रबरी लुराची शेपूटच तुटून येत असेल तर लूर माशाच्या मानाने मोठं आहे.

धरणांत बुडालेली बाभळीची खोडं असतात. लूर अडकलं की रॉड कमानीसारखा वाकवून ओढू नका, रॉड मोडतो. दोर सैल सोडा, पाच-दहा पावलं बाजूला जाऊन उलट दिशेने हलवा. नाहीच सुटलं तर रॉड दोराच्या सरळ रेषेत धरा, हाताला फडकं गुंडाळा आणि दोर सावकाश ओढून तोडा. नुसत्या हाताने विणलेला दोर ओढला तर तळवा कापतो.

पाण्यावर जाण्याआधी

धरण-तलावांतल्या मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतो. भोई मंडळींचं पोट त्यावर चालतं. आधी संस्थेला विचारा, पावती घ्या. जिवंत मासा आमिष म्हणून एका तलावातून दुसऱ्यात नेऊ नका. गळावरून सुटलेला परका मासा तिथे कायमचा राहतो.

शिंगाड्याच्या छातीजवळच्या परांना आणि पाठीला करवतीसारखे काटे असतात. त्याला वरून मुठीत धरू नका, ओलं फडकं टाकून पक्कडीने गळ काढा. कासव लागलं तर काठावर घेऊन डोळ्यांवर ओलं फडकं टाका, गळ दिसत असेल तर लांब तोंडाच्या पक्कडीने काढा. घशात खोल गेला असेल तर ओढू नका. दोर तोंडाजवळ शक्य तितका तोकडा कापा आणि कासव सोडून द्या. कासवांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. ते घरी नेणं गुन्हा आहे.

तुटलेला तंगूस काठावर टाकू नका. हतनूरच्या पाण्यावर हिवाळ्यात हजारो पक्षी येतात आणि त्यांच्या पायात तो अडकला की सुटत नाही. बोटांभोवती गुंडाळून खिशात घाला आणि घरी आल्यावर तुकडे करून टाका.

पावसाळ्यात हतनूरच्या खाली भुसावळपासून पुढे तापीच्या पात्रात, नदीमधल्या खडकांवर बसून गळ टाकू नका. वर पाऊस झाला की धरणाचे ४१ दरवाजे टप्प्याटप्प्याने उघडले जातात आणि तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी वाढतं. पाणी अचानक गढूळ झालं, काडीकचरा वाहून येऊ लागला की आमिषाचा विचार सोडा, रॉड उचला आणि काठावर या.